गाडीच्या हिशेबातला सीमेचा रकाना

सीमाभागातल्या साध्या घरात पहिली मोटार येते ती हौसेपेक्षा गरजेपोटी जास्त. बेळगावातल्या एका पतसंस्थेच्या कर्ज समितीवर मी बरीच वर्षं काम करतो. वाहन कर्जाच्या अर्जात 'कर्जाचे कारण' अशी एक ओळ असते. तिथं कुणी लिहितं, वडिलांना डायलिसिसला न्यावं लागतं. कुणी लिहितं, सीमेपलीकडच्या शिनोळीच्या कारखान्यात दुसरी पाळी असते, सुटल्यावर परत यायला काही मिळत नाही. जांबोटी भागातला शेतकरी लिहितो, घरात बाळंतपण आहे. गाडी दारात आली की पेढे वाटले जातात, हार घातला जातो, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं. तो आनंद खरा असतो. पण गरज त्याच्या आधीपासून घरात ठाण मांडून बसलेली असते.

म्हणून 'अंथरूण पाहून पाय पसरा' एवढं सांगून अशा माणसाला परत पाठवणं मला पटत नाही. त्याला नीट हिशेब मांडून दाखवला पाहिजे. आणि तो हिशेब मांडायला बसलं की लक्षात येतं, त्यातले काही रकाने त्या घराने घातलेले नाहीत. पुण्याच्या किंवा हुबळीच्या माणसाच्या वहीत ते नसतातच. ते दोन राज्यांनी मिळून आमच्या वहीत घातलेत, आणि मनात आणलं तर ती दोन राज्यं ते काढूनही टाकू शकतात. मला मुख्यतः त्याबद्दल बोलायचं आहे. पण आधी घरातला हिशेब, कारण तो माहीत असल्याशिवाय सरकारकडे काय मागायचं हेही कळत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. चार मीटरच्या आतली, बाराशे सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी एकदम आवाक्यात आल्यासारखी वाटू लागली. सात लाख एक्स-शोरूम किमतीची एक गाडी धरू. कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या गाडीला आजीवन रस्ता कर १४ टक्के, आणि त्या करावर आणखी ११ टक्के उपकर. म्हणजे जवळजवळ एक लाख नऊ हजार. हीच गाडी चंदगडच्या माणसाने कोल्हापूरच्या आरटीओत नोंदवली, तर ११ टक्क्यांनी ७७ हजार. बेळगाव ते चंदगड हे अंतर चाळीसेक किलोमीटरचं. करातलं अंतर तीस हजारांच्या वर. त्यात पहिला विमा, फास्टॅग, नोंदणीचे किरकोळ आकार आणि शोरूमने सुचवलेल्या चटया, सीट कव्हर घाला. सात लाखांची गाडी साडेआठाच्या आसपास रस्त्यावर येते.

कोटेशनच्या कागदावर मी प्रत्येकाला दोन ओळींवर बोट ठेवायला सांगतो. एक विम्याची. शोरूममधूनच विमा घ्यावा अशी सक्ती नाही, बाहेरून दर काढून आणता येतो, आणि नुसतं तसं म्हटलं तरी पुष्कळदा आकडा खाली येतो. दुसरी 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक्स' नावाची. हे पैसे नेमके कशाचे, ते लेखी मागावं. पहिली गाडी घेणारा माणूस त्या दिवशी इतका हरखलेला आणि बुजलेला असतो, की सगळ्या कागदावर सही करून मोकळा होतो. सोबत एखादा जाणता माणूस न्यावा, घरातली बाई नेली तर फारच उत्तम. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या बायका अशा कागदावर चटकन अडकून पडत नाहीत.

कर्जाबद्दल आमचा रोजचा वाद असतो. सहा लाख रुपये साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण १२,६०० रुपये. तेच सात वर्षांसाठी घेतले तर ९,८००. घेणारा म्हणतो, काका, मला ९,८०० झेपतील, सात वर्षंच करा. पण पाच वर्षांत व्याज जातं एक लाख छप्पन्न हजार, आणि सात वर्षांत दोन लाख चोवीस हजार. सहाव्या-सातव्या वर्षी टायर, बॅटरी, क्लच असे खर्च अंगावर येतात आणि हप्ताही चालूच असतो. त्यात कुणी 'फ्लॅट सहा टक्के', म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज, असं सांगून मोहात पाडलं तर लक्षात ठेवा, पाच वर्षांच्या कर्जावर फ्लॅट सहा म्हणजे घटत्या शिलकीवर जवळपास अकरा टक्के पडतात. पतसंस्था असो की बँक की फायनान्स कंपनी, दर घटत्या शिलकीवर आहे की फ्लॅट, हा पहिला प्रश्न विचारायचा.

आता दर महिन्याचं बघू. महिन्याला आठशे किलोमीटर चालली, लिटरला सोळा दिले, तर पन्नास लिटर पेट्रोल. लिटरचा भाव शंभरच्या वर धरला की पाच हजार तिथेच गेले. विमा, सर्व्हिसिंग, टायरची झीज, टोल, पार्किंग मिळून तीनेक हजार. आणि जो खर्च खिशातून जाताना दिसत नाही तो सगळ्यात मोठा, घसारा. विमा कंपन्या गाडीची किंमत ज्या कोष्टकाने लावतात, त्यात पाच वर्षं पूर्ण होता होता ती निम्म्यावर येते. सात लाखांचे साडेतीन लाख, म्हणजे महिन्याला जवळजवळ अठ्ठावन्नशे. हप्त्यातलं व्याज बाजूला ठेवलं तरी बेरीज चौदा हजारांच्या घरात जाते. ज्याला गाडी महिन्यातून चार वेळाच लागते, त्याला मी स्वच्छ सांगतो, भाड्याची गाडी सांगा, पैसे वाचतील. ज्याला आठवड्यातून दोनदा दवाखाना आहे, रोज आडवेळी कामावर जायचं आहे, त्याला मी तसं सांगू शकत नाही.

विम्यावर थोडं थांबतो. आमच्याकडे गाडी एका घराची नसते. मच्छे, येळ्ळूर, कडोली, उचगाव, कुठलंही गाव घ्या. वाड्यात एकाने गाडी घेतली की ती सगळ्यांची होते. रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर दार वाजतं ते त्याचंच. शेजारच्या आजी, चुलत्याची सून, पाळणाघरातून आणायची पोरं, सगळी तीतच बसतात. हे चांगलंच आहे, ते टिकावं असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच एक गोष्ट प्रत्येकाला माहीत हवी. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा विमा, २०१८ पासून सक्तीचा आहे. त्यानंतर पैसे वाचवायला बरेच जण नुसती थर्ड पार्टीच पुढे चालू ठेवतात, कारण हजार ते पंधराशे सीसीच्या गाडीला ती २०२२ च्या दराने वर्षाला ३,४१६ रुपये आणि जीएसटी एवढ्यात होते. पोलिसाने अडवलं तर कागद दाखवता येतो, म्हणून माणूस निर्धास्त असतो. पण खासगी गाडीत नुसत्या बसलेल्या माणसाचं नुकसान ही थर्ड पार्टी पॉलिसी सहसा धरत नाही. पूर्ण पॅकेज पॉलिसीत आत बसलेले धरले जातात, हे विमा नियामकाने २००९ मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केलं आहे. म्हणजे नुसती थर्ड पार्टी असेल तर ज्या शेजारच्या आजींना आपण पुण्याईचं काम म्हणून दवाखान्यात नेतो, त्यांच्यासाठी आपल्या गाडीत काहीच आधार नसतो. चार-पाच हजार वाचवण्यात हे गेलेलं असतं आणि कुणालाच ते कळलेलं नसतं. पॉलिसी इंग्रजीत असते. मराठी वाचणाऱ्या माणसाला तिच्यातला मुख्य भाग मराठीत एका पानावर मिळायला काहीच हरकत नसावी. एजंटांनी ठरवलं तर उद्यापासून होईल.

त्याच जोडीने हेही सांगतो. पांढऱ्या नंबरच्या, म्हणजे खासगी, गाडीत पैसे घेऊन माणसं नेली तर ते भाडं झालं, आणि विमा कंपनी हात वर करू शकते. गोव्याला, पंढरपूरला, सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला अशा गाड्या सर्रास जातात. हप्ता भागवायला माणूस ते करतो हे मला समजतं. अपघात झाला तर तोच हप्ता, दवाखाना आणि कोर्ट एकदम अंगावर येतं. बंपर, डॅशबोर्डसारख्या प्लास्टिकच्या भागांवर साध्या पॉलिसीत निम्मा घसारा कापतात हे तर दाव्याचे पैसे हातात पडल्यावरच बहुतेकांना कळतं.

देखभालीचं सांगायचं तर इथला निसर्ग गाडीला सोडत नाही. बेळगावचा पाऊस आणि खानापूरची तांबडी माती चाकाच्या वर, मडगार्डच्या आत जाऊन बसते. ती पावसाळा संपल्यावर पाण्याच्या जोराने धुवून काढली नाही तर पत्रा तिथूनच सडू लागतो. निपाणी-चिक्कोडीकडे उसाच्या शेतातले उंदीर हिवाळ्यात ऊब शोधत बॉनेटखाली येतात. उद्यमबागेतल्या एका मिस्त्रीने मला बॉनेट उघडून दाखवलं होतं. इंजिनाच्या मागच्या बाजूला कापसाचं आणि चिपाडाचं घरटं, त्याच्या शेजारी वायरिंगची जुडी अर्धी कुरतडलेली, तांब्याच्या तारा उघड्या पडलेल्या. "अण्णा, हे वायरिंग पूर्ण बदलायचं म्हटलं तर दहा-पंधरा हजारांना मरण नाही," तो म्हणाला. निपाणीकडचे लोक तंबाखूची वाळकी पानं कापडात बांधून बॅटरीच्या बाजूला ठेवतात, सायलेन्सरपासून लांब, आणि महिन्याला बदलतात. मिस्त्रीचं मत असं, की पानापेक्षा गाडी रोज पाच मिनिटं तरी चालवलेली बरी. गाडी दारात नुसती उभी ठेवली म्हणजे खर्च वाचला, हा समज असा बॉनेटखालून खोटा ठरतो.

पाण्याचंही तेच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये वेदगंगा, पंचगंगेने महामार्ग अडवला. निपाणीजवळ यमगर्णीला रस्त्यावर पाणी आलेलं सगळ्यांनी पाहिलं. पाण्यात बंद पडलेली गाडी परत सुरू करायला गेलं की पाणी इंजिनात ओढलं जातं आणि इंजिनच जातं. वेगळं इंजिन संरक्षण घेतलेलं नसेल तर त्याचे पैसे मिळत नाहीत. नदीकाठच्या तालुक्यांत ही जोड घ्यावी, बाकी चकाकणाऱ्या जोडण्या सोडल्या तरी चालतील.

रस्त्यांपैकी एकच सांगतो, बाकी खड्डे सगळीकडेच आहेत. गळीत हंगामात संकेश्वर, चिक्कोडी, अथणी, कागवाड भागात रात्री ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या ऊस भरून चाललेल्या असतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला. समोरच्या गाडीचा प्रकाश डोळ्यांवर आला की ट्रॉली दिसतच नाही. नवशिक्या चालकाने त्या महिन्यांत अंधारात वेग चाळीसच्या वर नेऊ नये, असं मी सांगतो. आणि कारखान्यांनी लाल कापड आणि रिफ्लेक्टर लावल्याशिवाय ट्रॉली काट्यावर घेऊ नये. ऊस कारखान्याचा, रस्ता सगळ्यांचा.

आता सीमेच्या रकान्याकडे येतो.

मोटार वाहन कायदा १९८८ चं ४७ वं कलम म्हणतं, एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथं नवा नंबर घ्यायचा. नवा नंबर म्हणजे तिथला कर. आधीच्या राज्यात आजीवन कर एकरकमी भरलेला असतो. उरलेल्या वर्षांचा परतावा मिळतो, पण तो मागून. आधी मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर ना हरकत दाखला, त्यासाठी पोलिसांकडची नोंद तपासणी, कर्ज असेल तर बँकेची संमती, मग नव्या राज्यात कर, नवी पाटी, आणि मग परत मूळ आरटीओत परताव्याचा अर्ज. ज्या माणसाचं एका दिवसाचं काम बुडालं तर रोज बुडतो, त्याने हे कधी करायचं? बरेच जण करतच नाहीत. पोरगा पुण्याला नोकरीला, वडिलांनी घेऊन दिलेली केए २२ ची, म्हणजे बेळगावची, गाडी त्याच्याकडे, आणि प्रत्येक नाक्यावर त्याला काळजी. इकडे बेळगावात कोल्हापूरहून स्वस्तात आणलेली एमएच ०९ ची जुनी गाडी, तिचीही तीच कथा. जुनी गाडी घेणाऱ्याने कर्नाटकाचा कर किमतीत धरूनच सौदा करावा; तो धरला की 'स्वस्त' गाडी पुष्कळदा इथल्याच गाडीएवढी पडते.

कर्नाटकाने २०१४ मध्ये तर कायदा बदलून परराज्यातली गाडी तीस दिवसांपेक्षा जास्त राहिली की आजीवन कर, असं केलं होतं. केंद्राच्या कायद्यातल्या बारा महिन्यांशी ते जुळत नाही म्हणून उच्च न्यायालयाने ते मानलं नाही. पण तीस दिवसांची ही कल्पना विधिमंडळाला सुचली यावरून कळतं की बंगळुरूत बसून कायदा करताना डोळ्यांसमोर दिल्ली-हरियाणाच्या महागड्या गाड्या असतात. शिनोळीचा कामगार, कोगनोळीचा दूधवाला, बोरगावहून इचलकरंजीला रोज जाणारा यंत्रमागवाला त्यांच्या डोळ्यांसमोर नसतो. त्याचं घर एका राज्यात, पोट दुसऱ्या राज्यात, आणि हे त्याने ठरवलेलं नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने ठरवलं.

उपाय शोधायला फार लांब जायला नको. केंद्राने २०२१ मध्ये गाड्यांच्या नंबरांची बीएच, म्हणजे भारत, मालिका आणली. तिच्यात कर दोन-दोन वर्षांचा भरायचा, दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला आठ टक्क्यांच्या हिशेबाने, आणि राज्य बदललं तरी नंबर बदलत नाही. पण ती मिळते कुणाला? सरकारी नोकर, सैन्यातले, बँकेतले, आणि चार किंवा जास्त राज्यांत कचेऱ्या असलेल्या खासगी कंपन्यांतले लोक यांना. ज्यांची बदली होते त्यांची सोय झाली, हे चांगलंच झालं. पण ज्यांची रोजच बदली होते, सकाळी एका राज्यात आणि संध्याकाळी दुसऱ्या, त्या शेतकऱ्याला, दुकानदाराला, कामगाराला ती बंद आहे. सीमेला लागून असलेल्या तालुक्यांतल्या कायम रहिवाशाला, त्याचा धंदा कोणताही असो, बीएच नंबर मागता यावा, ही माझी पहिली मागणी आहे. खानापूर, बेळगाव, हुक्केरी, निपाणी, चिक्कोडी, कागवाड, अथणी इकडचे. चंदगड, गडहिंग्लज, कागल, शिरोळ, मिरज, जत तिकडचे. एकदम लाखभर रुपये भरण्याऐवजी दोन-दोन वर्षांनी थोडे भरायचे, हाही त्यातला फायदा. त्या लाखासाठीच कर्ज वाढतं.

यावर आक्षेप येणार, वाहन कर हा राज्यांचा हक्क. बरोबर आहे, संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतली ५७ वी नोंद तशीच आहे. पण समवर्ती सूचीतली ३५ वी नोंदही वाचावी. वाहनांवरचा कर कोणत्या तत्त्वांवर लावायचा, हे ठरवण्याचा विषय तिथं संसदेलाही दिलेला आहे. शिवाय बस आणि मालवाहतुकीसाठी राज्यं आपसात परस्पर करार करतातच, कायद्याचं ८८ वं कलम त्यासाठीच आहे. एसटी बेळगावला येते आणि वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाची बस कोल्हापूरला जाते ती अशाच करारावर. बसला जे जमतं ते घरच्या गाडीला जमू नये असं काही नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सवलत दिली की बड्या गाड्यांचे मालक कमी कराच्या राज्यात खोटा पत्ता दाखवून नोंदणी करतील. पुदुच्चेरीच्या पत्त्यांवर ते झालेलं देशाने पाहिलं आहे. म्हणून सवलतीला गाडीच्या किमतीची मर्यादा घाला, समजा दहा लाख, आणि मतदार यादीतलं नाव त्या तालुक्यात काही वर्षं असल्याची अट घाला. दोन वर्षांचा कर रहिवासाच्या राज्यालाच मिळावा, हे दोन्ही राज्यांनी मान्य करावं. मग बुडण्यासारखं फारसं उरत नाही.

पण करापेक्षाही मोठा रकाना बसचा आहे, आणि तो मला जास्त बोचतो. पाळीवरून सुटलेला एक पोरगा समितीसमोर म्हणाला होता, "काका, शेवटची बस गेली की मी काय चालत येऊ?" त्याला मोटारच नको होती, त्याला रात्रीची बस हवी होती. बेळगाव ते कोल्हापूर जेमतेम एकशेदहा किलोमीटर, थेट रेल्वेमार्ग नाही, मिरजेचा वळसा घ्यावा लागतो. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या बसचा प्रवास मोफत आहे. महाराष्ट्रात त्याच वर्षीच्या मार्चपासून एसटीत अर्धं तिकीट. दोन्ही योजनांनी बायका घराबाहेर पडल्या, दवाखान्यात, बाजारात, माहेरी जाऊ लागल्या, मला त्यांचं मोल फार वाटतं. पण दोन्ही सवलती मुळात आपापल्या राज्यापुरत्या आहेत. बेळगावच्या लेकीला सौंदत्तीला फुकट जाता येतं, चंदगडच्या माहेरापर्यंत तसं जाता येत नाही. सीमेपलीकडच्या पहिल्या तालुक्याच्या गावापर्यंत दोन्ही महामंडळांनी एकमेकांची सवलत मानावी. खर्च वाटून घेण्याची व्यवस्था तिकीट यंत्रावरच्या नोंदीवरून होऊ शकते.

आणि तणाव वाढला की हीच बस सगळ्यात आधी बंद होते. ६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरच्या ट्रकांवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळं फासलं गेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बसमधल्या एका वादावरून पुन्हा तेच, आंतरराज्य फेऱ्या काही दिवस थांबल्या. त्या दिवसांत केमोथेरपीची तारीख असलेला चंदगडचा रुग्ण, परीक्षेला निघालेली निपाणीची मुलगी, यांनी काय करायचं? ज्यांच्याकडे गाडी होती ते तरी नंबर प्लेटकडे बघून निघायचं की नाही ते ठरवत होते. गाडीचा नंबर हा तिच्या नोंदणीचा आकडा आहे. त्यावरून माणसाची भाषा आणि निष्ठा ओळखायला निघणाऱ्यांना दोन्हीकडच्या पोलिसांनी सारखंच वागवलं पाहिजे. काही झालं तरी दवाखाना आणि परीक्षेच्या मार्गावरच्या ठरावीक फेऱ्या पोलीस बंदोबस्तात चालतील, असं दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवता येईल.

सीमेचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. या भागातल्या मराठी माणसाच्या मनात त्याबद्दल काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, माझ्याही मनात तेच आहे. पण बीएच नंबर, बसची सवलत आणि रात्रीची फेरी यांतलं काहीही त्या निकालावर अवलंबून नाही, आणि यांतलं काहीही मराठी-कन्नड असा भेद करत नाही. अथणीचा कन्नड शेतकरी मिरजेच्या दवाखान्यात त्याच अडचणी सोसून जातो.

दर हिवाळ्यात इथल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, आणि साधारण त्याच सुमारास महाराष्ट्राचं नागपूरला. सीमेलगतच्या आमदारांनी, पक्ष कोणताही असो, दोन्ही सभागृहांत एकच लेखी प्रश्न टाकावा: परराज्यात गेलेल्या गाड्यांच्या कराच्या परताव्याचे किती अर्ज गेल्या पाच वर्षांत आले, किती निकाली निघाले, परतावा मिळायला सरासरी किती महिने लागले, आणि रात्री नऊनंतर सीमेच्या दोन्ही बाजूंच्या तालुक्यांना जोडणाऱ्या किती बस धावतात. ही दोन उत्तरं शेजारी शेजारी ठेवून वाचायची आमची तयारी आहे. पतसंस्थेत त्यासाठी एक संध्याकाळ सगळ्यांना खुली ठेवू.